प्रश्न तुमचे: तीन संगणकांचं काम एका सर्व्हरवर

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. ऑफिसात तीन जुने पीसी चोवीस तास चालू असतात. एकावर टॅली, दुसऱ्यावर ड्रॉइंगच्या फाइली, तिसऱ्यावर हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर. विक्रेता म्हणतो, एकच सर्व्हर घ्या आणि तिन्ही व्हर्च्युअल करा, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत तीन आभासी संगणक (व्हीएम) चालवा. करावं का, आणि काय काय लागेल?

उत्तर : करावं. या तिन्ही पीसींचे प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ रिकामेच असतात. पण आज एक पीसी बसला तर एक काम अडतं, उद्या सर्व्हर बसला तर तिन्ही अडतील. म्हणून प्रोसेसरवर हात आखडता घ्या आणि तो पैसा डिस्क, यूपीएस आणि बॅकअपवर घाला.

रॅमचा हिशोब असा: टॅलीच्या व्हीएमला ८ जीबी, हजेरीला ८, ड्रॉइंगच्या फाइली ठेवणाऱ्या लिनक्सच्या व्हीएमला ४, होस्टला (म्हणजे खुद्द सर्व्हरला) ८. झाले २८. पण पुढे एखादी व्हीएम वाढतेच, शिवाय बॅकअप तपासायलाही जागा लागते, म्हणून ६४ जीबी ईसीसी (चुका स्वतःच सुधारणारी रॅम) घ्या. ८ कोअरचा टॉवर सर्व्हर भरपूर झाला.

खरी चूक होते ती डिस्कमध्ये. ९६० जीबीच्या दोन एंटरप्राइज एसएसडी घ्या आणि झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील. घरगुती एसएसडी निम्म्या किमतीत मिळते, पण वीज जाताना हातातला डेटा लिहून टाकण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर तिच्यात नसतात. ‘लिहिलं, पक्कं झालं’ अशी हमी द्यायला तिला दर वेळी थांबावं लागतं. झेडएफएस ही हमी सतत मागत असतं, त्यामुळे वेग कोसळतो आणि एसएसडी लवकर झिजते. सर्व्हरमध्ये रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र करून एकच दाखवणारं कार्ड) असेल तर ते एचबीए मोडवर, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या मोडवर टाका. झेडएफएसला डिस्क थेट दिसल्या पाहिजेत.

व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर म्हणून प्रॉक्समॉक्स व्हीई वापरा. याच कामाचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने घेतली आणि एकदाच विकत घ्यायचे परवाने बंद केले. छोट्या ऑफिसला ते वर्गणीचं गणित जड जातं. प्रॉक्समॉक्स बसवल्यावर पहिल्याच अपडेटला ४०१ ही एरर येते, तेव्हा घाबरू नका. मूळ रेपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) पैसे भरणाऱ्यांसाठी असते. ती बंद करून ‘नो सबस्क्रिप्शन’ची जोडा.

विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका परवान्यात, सर्व्हरचे सगळे कोअर मोजून, दोन व्हीएम चालतात. टॅली आणि हजेरी त्यात बसतात. वापरणाऱ्यांचे कॅल (सर्व्हर वापरण्याचे परवाने) वेगळे घ्यावे लागतात. जुन्या पीसीसोबत आलेलं, त्याच पीसीला बांधलेलं ओईएम विंडोज इथे उचलून आणता येत नाही. नवं विंडोज बसवताना इन्स्टॉलर ‘डिस्कच नाही’ म्हणतो. व्हर्टआयओ (व्हीएमच्या आभासी डिस्क-नेटवर्कचे) ड्रायव्हर असलेली आयएसओ फाइल व्हीएमच्या दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडा, ‘लोड ड्रायव्हर’वर जाऊन व्हायओस्कझीचा फोल्डर दाखवा, की डिस्क दिसते. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही त्याच आयएसओत आहे.

टॅली हलवण्याआधी जुन्या पीसीवरून लायसन्स सरेंडर करा. जुना पीसी फॉरमॅट करून मग आठवलं, तर नवीन व्हीएमवर ॲक्टिव्हेशन अडतं आणि त्या दिवशी बिलं निघत नाहीत.

तिघांपैकी सर्वांत धड पीसी भंगारात देऊ नका. त्यात ४ टीबीची डिस्क घालून प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवा आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवा. रोज रात्री बॅकअप, शिवाय आठवड्याला एक यूएसबी डिस्क घरी. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणीची नोंद) म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. दर तीन महिन्यांनी टॅलीची व्हीएम नव्या क्रमांकाखाली रिस्टोअर करून उघडून बघा. सुरू करण्याआधी तिच्या नेटवर्क कार्डावर ‘डिसकनेक्ट’ची खूण करा, नाहीतर एकाच आयपीच्या दोन टॅली ऑफिसात भांडतील. खरोखर रिस्टोअर करायची वेळ आली तर ‘युनिक’ची खूण करू नका, म्हणजे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) तोच राहतो आणि त्याच्यावर बेतलेलं राउटरवरचं आयपी रिझर्व्हेशन मोडत नाही.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून नट हे सॉफ्टवेअर बसवा. लाइट गेली आणि बॅटरी उतरायला लागली की ते व्हीएम नीट बंद करून मग होस्ट बंद करतं. विंडोज बंद व्हायला दोन-तीन मिनिटं घेतं, तेवढा वेळ शिल्लक राहील असा बॅटरीचा आकडा त्यात टाका.

प्रश्न : १६ कॅमेरे लावल्यापासून ऑफिसचं नेटवर्क रडतंय. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे) केलं तर सुटेल का?

उत्तर : वेगासाठी नाही. व्हीलॅनने रस्ता रुंद होत नाही, कोणी कुठे जायचं तेवढंच ठरतं. १६ कॅमेरे ४ एमबीपीएसने धरले तर ६४ एमबीपीएस होतात. गिगाबिट लिंकला ते काहीच नाही, पण १०० च्या लिंकला भारी. म्हणजे दोन स्विचमधली लिंक बहुधा १०० वर उतरली आहे. त्या पोर्टचा दिवा बघा: बऱ्याच स्विचवर गिगाबिटला हिरवा आणि १०० ला केशरी लागतो. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एक तार कनेक्टरमध्ये नीट क्रिम्प झाली नसली तरी नेट चालू राहतं, फक्त मुकाट्याने मंदावतं. दोन्ही टोकं कापून पुन्हा क्रिम्प करा. केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली तर बदलाच. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) कॅमेऱ्यांच्याच पीओई (केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचवर आणा, म्हणजे तो भार ऑफिसच्या स्विचवर येणारच नाही.

सुरक्षेसाठी मात्र व्हीलॅन जरूर करा: ऑफिस १०, कॅमेरे २०, पाहुण्यांचं वायफाय ३०. स्वस्त स्मार्ट स्विचवर हमखास फसगत होते ती अशी: पोर्ट व्हीलॅन २० मध्ये घातला, पण पीव्हीआयडी (पोर्टमधून आत येणाऱ्या डेटाला लागणारा व्हीलॅन क्रमांक) १ च राहिली. कॅमेऱ्याकडून येणारा डेटा मग व्हीलॅन १ मध्येच शिरतो आणि कॅमेरा दिसत नाही. दोन्ही जागी २० करा.

प्रश्न : घरून टॅली बघायला राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडला आहे. नंबर बदलून ठेवला तर चालेल?

उत्तर : नाही. आजच बंद करा. इंटरनेटवर असे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम अखंड फिरत असतात आणि नंबर बदलला तरी त्यांना सापडतो. रॅन्समवेअर अनेकदा याच दारातून आत येतं. राउटरवर वायरगार्ड (इंटरनेटवरून सुरक्षित बोगदा करणारं व्हीपीएन) बसवा, बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० उघडा आणि रिमोट डेस्कटॉप त्या बोगद्याच्या आतूनच वापरा. जोडणी होतच नसेल तर राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असला तर नेटवाल्याने एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटला आहे. त्याच्याकडून स्टॅटिक आयपी मागून घ्या.