ओढ आहे, ओळख व्हायचीय

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय २०, बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बसमध्ये ओळख झालेला एक मुलगा मला फार आवडतो. तो २४ वर्षांचा, उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला, घरी कन्नड बोलतात. पुस्तक उघडलं की तोच दिसतो. मेसेज आला नाही तर घास उतरत नाही. हे खरं प्रेम की वयाचं आकर्षण? तो म्हणतो, परीक्षा झाली की लग्न करू. बाबांना कळलं तर माझं शिकणंच बंद करतील.
– एक वाचक

उत्तर : पोरी, तुझं पत्र चार पानी आहे, जागेअभावी वर थोडकंच छापलंय. स्टॉपवर त्याचा निळा शर्ट दुरून दिसला तरी हात गार पडतात, रात्री झोप येत नाही, हे तू फार बारकाईनं लिहिलंयस. पण ते सगळं तुझं झालं. त्याच्याबद्दल चार पानांत एकच प्रसंग आहे. आजी दवाखान्यात होती तेव्हा पहिली पाळी सुटल्यावर तो डबा घेऊन आला. आजीनं तिच्या मोडक्या कन्नडात ‘ऊट आयता?’ विचारलं, तर यानं मोडक्या मराठीत सांगितलं, ‘जेवलो की आजी, तुम्ही खावा आधी.’ मला तो मुलगा तिथं दिसला, आणि आवडलाही.

आकर्षण म्हणजे काही खोटं नसतं गं. २००५ साली अमेरिकेत नव्यानं प्रेमात पडलेल्या तरुणांच्या मेंदूचे स्कॅन काढले होते. आवडत्या माणसाचा फोटो बघताना मेंदूतला डोपामिनचा, म्हणजे काही हवंसं मिळाल्यावर जागा होणारा भाग कामाला लागलेला दिसला. तेव्हा अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. रॉबर्ट स्टर्नबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये प्रेमाचे तीन भाग मांडले : ओढ, जवळीक आणि बांधिलकी. ओढ झटकन येते, तशी ओसरतेही. बाकीच्या दोन्हींना वेळ द्यावा लागतो. तुझ्याकडं ओढ भरपूर आहे. जवळीक त्या दवाखान्यात कुठं सुरू झालीय. आणि लग्नाची बोलणी मात्र त्यानं फार लवकर काढली, असं माझं स्पष्ट मत आहे.

खानापूरच्या बसमध्ये, त्यात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासूनच्या गर्दीत, माणूस कितीसा कळणार? तो चिडतो तेव्हा कसा बोलतो? पगार झाला की पैसे कुठं जातात? बहिणीला तो कसं वागवतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तू ‘आज नको’ म्हणालीस तर ते ऐकून घेतो की रुसून दोन दिवस फोन बंद ठेवतो? याचं एक अक्षर पत्रात नाही.

आपल्या भागातली अजून एक गोष्ट आहे. तू लिहिलंयस की १ नोव्हेंबरला बाबा काळ्या दिनाच्या, म्हणजे बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या फेरीला जातात. त्याच दिवशी त्याच्या गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा लागत असणार. त्या दिवशी तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोललात? की तो विषयच टाळलात? बेळगावात अशी दोन भाषांची घरं आहेत आणि ती नांदतातही. पण तिथं पोरं कुठल्या शाळेत घालायची, सणाला कुणाकडं जायचं, हे अगोदर बोलून घेतलेलं असतं. तुम्हीही बोला. भांडण झालं तरी होऊ दे.

कायद्यानं तू अठरा पूर्ण आहेस, तो एकवीस. लग्न कधी आणि कुणाशी, ते तुम्हीच ठरवायचं, म्हणून घाई करायचं काही कारण नाही. त्याला सरळ सांग की निकालानंतर मला आधी नोकरी करायची आहे. घरी सांगायचं तर बाबांच्या आधी आईला सांग, आणि पळून जाण्याचा विचार मनातसुद्धा आणू नकोस. शिकणं बंद करायची भाषा निघालीच, तर कॉलेजातल्या ज्या मॅडमवर तुझा विश्वास आहे त्यांना घेऊन घरी जा. आमच्याकडं शिकवणाऱ्या बाईचा शब्द वडीलमाणसं सहसा मोडत नाहीत.