वाचकांचे प्रश्न : प्रजाती संपली की कवच विरघळलं?

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी खोल समुद्रातल्या गाळाचे नमुने मिळालेत. त्यातून फोरॅमिनिफेरा (कवचधारी, एकपेशीय सूक्ष्मजीव) वेगळे कसे करायचे? आणि एखाद्या थरापासून वर एखादी प्रजाती दिसेनाशी झाली, तर ती नामशेष झाली असं लिहायचं का? (भूशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नमुना 50 अंश सेल्सियसच्या आत वाळवा, 10 ग्रॅम तोलून रात्रभर पाण्यात भिजवा. चिकणमाती सुटत नसेल तर थोडं कॅल्गॉन (मातीचे कण सुटे करणारं फॉस्फेट) घाला. हायड्रोजन पेरॉक्साइड शक्यतो नकोच : गाळात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलं तर त्यातून आम्ल तयार होतं आणि कवचं तुमच्याच बीकरमध्ये विरघळतात. 63 मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा, बोटाने रगडू नका. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलिन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवा. आधीच्या नमुन्यातलं कवच जाळीत अडकून पुढच्यात आलं, तर ते निळं दिसतं आणि मोजणीतून वगळता येतं.

पाण्यात तरंगत जगणाऱ्या प्रजातींसाठी वाळल्यावर 150 मायक्रॉनची चाळणी लावा. तळावरच्या प्रजाती बारीक असतात, त्यांच्यासाठी अगदी 63पर्यंत उतरावं लागतं. माल जास्त असेल तर विभाजकातून (नमुन्याचे सारखे भाग करणाऱ्या साधनातून) निम्मा-निम्मा करत आणा आणि किमान 300 कवचं मोजा. शंभरात एक असणारी प्रजाती 300 मोजल्यावर निसटण्याची शक्यता 5 टक्के; 100वरच थांबलात तर तब्बल 37 टक्के.

आता दुसरा प्रश्न, खरा तोच. 'दिसली नाही' म्हणजे 'संपली' नव्हे. 2003मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस रिज या समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर 2,700 ते 4,750 मीटर खोलीच्या पट्ट्यात गाभे (तळात नळी घालून काढलेले गाळाचे उभे नमुने) काढले. 5.6 कोटी वर्षांपूर्वीच्या तापमानवाढीच्या पातळीवर पांढुरका गाळ एकदम संपतो आणि लालसर चिकणमाती लागते, कारण हवेतून समुद्रात मुरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होऊन कवचं विरघळली. त्या मातीत तरंगत्या प्रजाती जवळपास नाहीत, पण त्यातल्या बहुतेक जगल्या; वरच्या थरांत पुन्हा भेटतात. खोल तळावरच्या 30 ते 50 टक्के प्रजाती मात्र खरोखरच गेल्या. *स्टेन्सिओइना बेकारीफॉर्मिस* जगभरच्या गाभ्यांत त्यानंतर नाही.

म्हणून आधी फुटक्या कवचांच्या तुकड्यांचं प्रमाण मोजा. तुकडे वाढलेत आणि फक्त जाड कवचं शिल्लक आहेत, तर विरघळण्याचा संशय घ्या आणि कमी खोलीवरचा गाभा ताडून पाहा. उलट घोटाळाही होतो : बिळं करणारे प्राणी जुनी कवचं वरच्या थरात आणतात. प्रजाती दिसेनाशी होते त्या सीमेच्या वर सापडलेल्या एकदोन झिजक्या कवचांवर 'प्रजाती वाचली' असं लिहू नका.

प्रश्न : डायनोसॉर संपले त्या काळाची सागरी कवचं आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मिळतात का? (वाचक, सातारा)

उत्तर : सह्याद्रीत नाही; तिथल्या थरांमधला गाळ गोड्या पाण्यातला. पण याच लाव्हाचे प्रवाह पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. तिथल्या खाणींत दोन प्रवाहांमध्ये सागरी गाळ आहे आणि त्यात डायनोसॉर संपवणाऱ्या महासंहारानंतर लगेच आलेल्या तरंगत्या फोरॅमिनिफेराची बारीक कवचं सापडतात.