‘सँड्स ऑफ टाइम’चे तिन्ही भाग संपवले, आता प्रिन्स ऑफ पर्शिया आणखी कोणत्या गेम, चित्रपट आणि कॉमिक्समध्ये सापडेल?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत: ‘प्रिन्स’ हा एकच माणूस नाही. १९८९ चा प्रिन्स वेगळा, २००३ चा वेगळा, २००८ चा तर राजघराण्यातलाही नाही. डब्यावर नाव तेच असतं, त्यामुळे लोक भलताच गेम घेतात आणि मग ‘सँड्स ऑफ टाइम’मधली राजकन्या फराह कुठे गेली म्हणून शोधत बसतात. तुम्ही खेळलात तो २००३ चा, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

‘सँड्स ऑफ टाइम’ (२००३) आणि ‘वॉरियर विदिन’ (२००४) यांच्या कथांमध्ये सात वर्षांचं अंतर आहे. त्या फटीत यूबीसॉफ्ट या गेम कंपनीने दोन कथा बसवल्या. पहिली ‘बॅटल्स ऑफ प्रिन्स ऑफ पर्शिया’, निन्टेन्डो डीएस या हातातल्या कन्सोलवर, २००५ साली. यात भिंतीवरून धावणं नाहीच. पत्त्यांच्या डावावर सैन्य हलवायचं, आळीपाळीने चाल करायची, पर्शिया विरुद्ध भारत असं युद्ध. एकेक लढाई फार लांबते. चपळाईसाठी प्रिन्स आवडत असेल तर हा वगळा; कथा तुटत नाही.

दुसरी कथा म्हणजे ‘द फॉरगॉटन सँड्स’ (२०१०), आणि इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. एका नावाचे हे प्रत्यक्षात चार गेम आहेत. पीसी, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरचा एक: भाऊ मलिक सॉलोमनचं सैन्य जागं करतो, प्रिन्सला वाहतं पाणी गोठवता येतं आणि त्याच गोठलेल्या धारांना लटकून पुढे जायचं. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवरचा पूर्ण वेगळा, त्यात झाहरा नावाची जिन्नी सोबत असते. सोनीच्या पीएसपी या हातातल्या कन्सोलवरचा बाजूने दिसणारा द्विमितीय, डीएसवरचा स्टायलसने (पडद्यावर टेकवायच्या पेनाने) चालवायचा. एकच घ्यायचा असेल तर पीसीवरचा घ्या. पाणी गोठवत उड्या मारायचे शेवटचे टप्पे या मालिकेतल्या उत्तम रचनांपैकी आहेत. त्यात बटण दाबून ठेवायचं आणि नेमकं केव्हा सोडायचं हे बोटांना कळेपर्यंत पडायला होतंच.

पीएसपीवरचा ‘रेव्हलेशन्स’ म्हणजे ‘वॉरियर विदिन’च, चार जादा पातळ्या जोडलेला. ‘रायव्हल स्वोर्ड्स’ (वी आणि पीएसपी) म्हणजे तुम्ही खेळलेला तिसरा भाग, ‘टू थ्रोन्स’. नवी कथा समजून हे घेऊ नका.

आणि ‘टू थ्रोन्स’च्या सुरुवातीला काळाची सम्राज्ञी कैलीना जहाजात जिवंत कशी, असं वाटलं असेल, तर ‘वॉरियर विदिन’चा खरा शेवट तुमच्या हातून निसटला आहे. त्यासाठी आयुष्य वाढवणारी नऊही ठिकाणं शोधावी लागतात, तरच पाण्याची तलवार मिळते आणि शेवटी कैलीनाऐवजी प्रिन्सच्या मागे लागलेल्या दहाका या राक्षसाशी लढाई होते. एक जरी राहिलं तरी दुसरा शेवट येतो. ‘टू थ्रोन्स’ पुढे जातो तो या खऱ्या शेवटावरून.

२००८ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ नव्याने सुरू होतो. हा एक भटक्या, सोबत एलिका. पडलात की ती हात धरून वर काढते. या कथेचा उरलेला भाग ‘एपिलॉग’ २००९ मध्ये वेगळा विकला गेला, पण फक्त प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. पीसीवर तो आलाच नाही, शोधण्यात वेळ घालवू नका. याच प्रिन्सचा डीएसवरचा ‘द फॉलन किंग’ पूर्ण स्टायलसवर चालतो. तिथे एलिका नाही, झाल नावाचा सोबती आहे.

चित्रपट २०१० चा. दिग्दर्शक माइक न्यूवेल, मुख्य भूमिकेत जेक जिलनहाल. इथला नायक दस्तान म्हणजे रस्त्यावरचा मुलगा, राजाने दत्तक घेतलेला. राजकन्येचं नाव तमिना. खंजीर आणि वाळू तेवढी गेममधून आली, बाकी कथा वेगळी. मूळ गेमचा जनक जॉर्डन मेकनर पटकथेच्या कामात होता, तरी चित्रपट गेमच्या मालिकेत कुठेच बसत नाही. स्वतंत्र साहसपट म्हणून पाहा. ‘बिफोर द सँडस्टॉर्म’ हे कॉमिक याच चित्रपटाला जोडून आलं, तेव्हा चित्रपटानंतरच वाचा.

त्याहून कितीतरी सरस आहे २००८ चं फर्स्ट सेकंड प्रकाशनाचं चित्रकादंबरीरूप. लेखन ए. बी. सीना यांचं, चित्रं लेउयेन फाम आणि अ‍ॅलेक्स पुविलँड यांची. मर्व शहरात नववं शतक आणि तेरावं शतक, दोन कथा एकमेकींत गुंफत जातात. ओळखीचा प्रिन्स इथे नाही. पहिली तीसेक पानं कोण कुठल्या काळातला हे कळत नाही, म्हणून बरेच जण तिथेच सोडून देतात. रंगांवर लक्ष ठेवा, काळ ओळखता येतो. मला विचाराल तर गेमबाहेरचं एकच काही घ्यायचं तर हेच.

१९८९ चा मूळ गेम आपल्याकडे अनेकांनी डॉसवर खेळलाय: बारा पातळ्या, साठ मिनिटं. सुपर निन्टेन्डोवरची १९९२ ची आवृत्ती मात्र वीस पातळ्यांची, वेळ १२० मिनिटं. तोच गेम समजून ती वगळू नका. डॉसचा गेम आज खेळायचा तर ‘एसडीएलपॉप’ ही मुक्त आवृत्ती सोयीची: एफ६ ने जतन, एफ९ ने परत. शेवटच्या पातळीवर समोर येणाऱ्या प्रिन्सच्याच सावलीशी लढू नका. तिला लागलेला घाव तुम्हालाच लागतो. तलवार म्यान करा आणि सरळ तिच्यात चालत जा.

आणखी एक नातं आवर्जून सांगण्यासारखं: यूबीसॉफ्टच्याच ‘असॅसिन्स क्रीड’ या गेममालिकेची सुरुवात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: असॅसिन’ या नावाने झाली होती, ज्यात प्रिन्सचं रक्षण करणारा मारेकरी नायक होता. २००८ च्या प्रिन्सला ‘असॅसिन्स क्रीड’चा नायक अल्तायर याचा पोशाखही घालता येतो.

२०२४ मध्ये दोन आले. ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये तुम्ही प्रिन्स नसताच. तुम्ही सार्गोन, आणि अपहरण झालेल्या राजपुत्र घस्सानला काफ पर्वतावर शोधायचंय. याला फारसी संवादांचा पर्याय आहे, तो जरूर लावा. ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’ एव्हिल एम्पायर या स्टुडिओचा. हूणांचा हल्ला, मरण, परत सुरुवात, असं चक्र. पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, त्यामुळे जुनी परीक्षणं वाचून ठरवू नका, ती अपुऱ्या गेमबद्दल आहेत.

‘सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या रूपाची वाट पाहत असाल तर तीही सोडा. सप्टेंबर २०२० मध्ये ते जाहीर झालं तेव्हा काम यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं, मूळ आवाज देणारा युरी लोवेंथलही परतणार होता. दृश्यांवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्प रद्द झाला. पुण्या-मुंबईच्या माणसांची एवढी मेहनत कुणालाच खेळायला मिळाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन: पीसीवरचा ‘फॉरगॉटन सँड्स’, मग चित्रकादंबरी, मग ‘लॉस्ट क्राउन’. २००८ चा गेम घेणार असाल तर शक्यतो कन्सोलवरच घ्या, नाहीतर ‘एपिलॉग’शिवाय कथा अर्ध्यावरच थांबेल.