अंडी कोणाची, हे कायदा विचारणारच

प्रश्न : आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. माझ्या २४ वर्षांच्या मुलाने २०२२ मध्ये परगावच्या एका विक्रेत्याकडून बॉल पायथन या आफ्रिकेतल्या लहान अजगरांची जोडी घेतली. त्याच सुमारास मित्राला शेतात सापडलेलं अजगराचं पिल्लूही घरी आणलं. ते आता माणसाच्या उंचीपेक्षा लांब झालं आहे. गेल्या हिवाळ्यात 'क्रॉस' करायचा म्हणून त्याने हा अजगर बॉल पायथनच्या मादीबरोबर ठेवला. त्याआधी तिचा नर तिच्याबरोबर होताच. आता तिने सहा अंडी घातली आहेत. विक्रेता म्हणतो, मिश्र पिल्लांचं नाव कुठल्याच यादीत नसतं, नोंदणी लागत नाही, पिल्लं मीच घेतो. नोंदणी कशाचीच केलेली नाही. २०२४ च्या पुरात ते राहून गेलं. आता काय करावं?

उत्तर : ताई, विक्रेत्याचं म्हणणं चूक आहे. त्याच्यावर भरवसा ठेवून एक जरी पिल्लू विकलं गेलं, तर मुलाला सोडवणं आजच्यापेक्षा कितीतरी कठीण होईल. पण आधी अजगराचं बोलू, कारण खरा धोका तिथे आहे.

आपल्याकडचा अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ आहे त्याच अनुसूचीत. असा प्राणी कोणत्याही मार्गाने हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं, असं कलम ३९ सांगतं. कारण तो सरकारची मालमत्ता असतो. लहानपणापासून घरी वाढवला, उंदीर खाऊ घातले, हा बचाव चालत नाही. बंदिवासात ठेवलेला किंवा तिथेच जन्मलेला प्राणीही कायद्याच्या कक्षेत येतो. त्यात कलम ५७ असं की, प्राणी ताब्यात सापडला की तो ताबा बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्या मुलावर येते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड आहे. किमान शिक्षा ठरलेल्या गुन्ह्यात पैसे भरून तडजोड करता येत नाही. हे घाबरवायला लिहीत नाही. 'दंड भरू, विषय संपवू' असं घरात कुणी म्हणत असेल, तर तो रस्ता नाही एवढंच कळावं म्हणून लिहितो.

आता अंड्यांकडे येऊ. या कायद्यात 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येतच पिल्लं आणि अंडी येतात. तेव्हा पिल्लं बाहेर येईपर्यंत कायद्याला काही दिसत नाही, असं समजू नका. बाप बॉल पायथनचा नर की अजगर, हे आज डोळ्यांनी कुणालाच सांगता येणार नाही. माद्या नराचं बीज बराच काळ शरीरात साठवून ठेवू शकतात, त्यामुळे तारखांवरूनही खात्री होत नाही. मात्र डीएनए तपासणीतून ते कळतं. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था वन्यजीवांच्या प्रकरणात असे नमुने तपासतात.

विक्रेत्याचा युक्तिवाद मी पूर्वीही ऐकला आहे. त्यात मला दिसतो तो पैसा. बॉल पायथनचा एखादा मॉर्फ, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकार, ही एकाच जातीतली गोष्ट. दोन जातींचा संकर वेगळा, आणि अनोखा म्हणून त्याला भाव जास्त. यादीत नाव नसलं म्हणून संकरित प्राणी मोकळा होत नाही. भारत १९७६ पासून सायटीस या, धोक्यातल्या जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराचा सदस्य आहे. या करारातल्या देशांनी संकरित प्राण्यांसाठी ठराव १०.१७ केला आहे : मागच्या चार पिढ्यांत कराराच्या परिशिष्ट एक (सर्वांत कडक नियमांची यादी) किंवा दोनमधली जात असेल, तर संकरित प्राण्यालाही तेच नियम लागू. आईबापांपैकी एक जरी परिशिष्ट एकमधला असला, तरी पिल्लू परिशिष्ट एकमधलंच धरायचं. आपला अजगर परिशिष्ट एकमध्ये आहे, बॉल पायथन दोनमध्ये. सायटीसच्या याद्या २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात चौथी अनुसूची म्हणून आल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. कोर्टात कुणी विक्रेत्याचा मुद्दा मांडेलही. मी माझ्या अशिलाचं आयुष्य त्यावर टांगणार नाही. (कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक यांच्या संकराची गोष्ट निराळी, कारण त्या दोन्ही जाती सायटीसमध्ये नाहीत. तिथे प्रश्न उरतो तो मूळ साप देशात कसे आले याचा.)

बॉल पायथनच्या जोडीचं प्रकरण त्यामानाने सौम्य आहे. चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ठेवणं, दुसऱ्याला देणं, त्याची पैदास करणं, सगळं कलम ४९-एमच्या चौकटीतच करता येतं. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले आणि आधीपासून प्राणी असलेल्यांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने मिळाले. मुदत संपली ती ऑगस्टअखेर, म्हणजे नेमकी विश्वामित्री नदीच्या पुरातच. या कारणाने माफी आपोआप मिळत नाही, पण ते खरं कारण आहे. पुराचे फोटो, नुकसानीचा पंचनामा, विक्रेत्याला पैसे दिल्याची यूपीआय नोंद, सगळं जोडून अर्ज करा. पिल्लं झाली तर त्या जन्माचीही माहिती द्यावी लागते.

आता एक कळकळीची विनंती. भीतीपोटी अजगर रात्री नदीकाठी सोडून येऊ नका, आणि बॉल पायथन किंवा पिल्लं तर मुळीच नको. फ्लोरिडात पाळीव बर्मी अजगर सुटले, वाढले. तिथल्या सुमारे ४०० अजगरांची जनुकीय तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १३ जणांत भारतीय अजगराचा अंश निघाला. विश्वामित्रीत आपल्या मगरी आहेत, काठावर आपले अजगर आहेत. त्यांच्यात आफ्रिकेचं रक्त मिसळायची वेळ तुमच्या घरातून येऊ नये. अंडी फेकूही नका, फोडूही नका. सरपटणाऱ्या वन्यप्राण्यांची अंडी नष्ट करणं 'शिकारी'च्या व्याख्येत येतं, आणि ही अंडी अजगराची नाहीत असं आज कोण म्हणणार?

वन विभागाकडे स्वतःहून जा, पण आधी वकिलाकडे. अटकपूर्व जामिनासाठी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अर्ज करायचा का, हे ते कागद पाहून ठरवतील. या गुन्ह्यात अटक होऊ शकते, म्हणून हा निर्णय जाण्यापूर्वीच झाला पाहिजे. मग अजगर आणि अंडी स्वाधीन करत असल्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनाम्याची प्रत मागा. जागा घरातलीच असल्याने तुम्हालाही विचारलं जाईल. तुम्हाला काय ठाऊक होतं ते जसंच्या तसं सांगा. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला जबाब पुढे खटल्यात वापरता येतो, म्हणून मुलाने वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नये.

केस होणारच नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. पण धाडीत सापडलेला अजगर आणि मालकाने स्वतः आणून दिलेला अजगर यांतला फरक जामिनाच्या वेळी आणि शिक्षेच्या वेळी न्यायाधीशांपुढे जोरात मांडता येतो. तुमच्या बाजूने आज हेच सर्वांत भक्कम आहे, आणि विक्रेत्याला एक पिल्लू दिलं की ते हातचं जाईल.

त्या विक्रेत्याशी झालेला व्हॉट्सअॅपवरचा संवाद एक अक्षरही पुसू नका. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे. शिवाय मुलाच्या डोक्यात हे खूळ कुणी भरलं, हे त्या संवादातूनच दिसेल. यापुढे त्याला उत्तर देऊ नका, आणि वन विभागात जाताना तो मोबाईल सोबत ठेवा.