देवाचं उत्तर येईपर्यंत नोकरीचा निर्णय थांबवायचा का?

दुसऱ्या शहरातली नोकरी आली आहे, प्रार्थना चालू आहे, पण अजून काहीच स्पष्ट होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला अशा वेळी बायबलमधला नहेम्या आठवतो, पर्शियाच्या राजाच्या सेवेत असलेला यहूदी. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजासमोर तो विषय निघाला नीसान महिन्यात. मधले जवळजवळ चार महिने उपास आणि प्रार्थना. पण राजाने "तुला काय हवं?" असं विचारलं तेव्हा त्याने उभ्याउभ्या पुन्हा प्रार्थना केली आणि लगेच सांगितलं: किती दिवस लागतील, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, लाकूड कुठून मिळेल. म्हणजे वाट पाहताना त्याचा विचारही चालू होता. पुढे तट ५२ दिवसांत उभा राहिला.

उलट इस्राएलचा पुढारी यहोशवा. जवळच राहणारे गिबोनी लोक दूरून आल्याचं सोंग घेऊन त्याच्याकडे आले; त्याने त्यांच्या शिळ्या भाकरी पाहिल्या आणि परमेश्वराला न विचारताच करार केला. डोळ्यांना पुरावा पटला होता, चूक तिथेच झाली.

म्हणून पगाराचा आकडा पटला तरी घाई करू नका. कंपनीकडे मुदत मागून घ्या. रोज ठरावीक वेळी देवाचं वचन (बायबल) वाचा, तुम्हाला ओळखणाऱ्या पाळकांशी किंवा एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याशी बोला, घरच्यांचं मन जाणून घ्या. तिथे मंडळी (चर्च) आहे का, रविवारी सुट्टी मिळेल का, हेही विचारा. मुदत संपेपर्यंत वचनाविरुद्ध काही दिसलं नाही आणि मनात शांती असेल, तर होकार द्यायला हरकत नाही. आकाशवाणीची वाट पाहू नका.