म्हातारीला हिशेब विचारू नकोस

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

खेड्यातल्या विधवा बायकांच्या पेन्शनवरच्या पाहणीसाठी तू केलेली प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते. पण 'मिळालेल्या रकमेचा विनियोग' असा मथळा देऊन किराणा, औषध, चहा-तंबाखू, इतर, असे जे रकाने पाडलेस ते मला खटकले. माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूरकडच्या खेड्यांत, म्हणून हक्काने लिहितो.

आधी आपल्या घरांत बघ. इंदूरच्या रामबागेतल्या कुठल्याही मराठी घरात फॅमिली पेन्शन मिळणारी एखादी आजी निघतेच. आजोबा केंद्र सरकारात असतील तर कमीत कमी 9000, वर महागाई भत्ता. पैशाचं काय केलंस, असं तिला कधी कुणी विचारलंय? उलट नातवाच्या कोचिंगची फी भरायची वेळ आली की सूनबाई चहाचा कप घेऊन जवळ येऊन बसतात. आजीच्या शब्दाला घरात वजन आहे ते वयामुळे, आणि दर महिन्याला खात्यात पडणाऱ्या रकमेमुळेही. हे दुसरं आपण चारचौघांत बोलत नाही, एवढंच. खेड्यातल्या विधवेला सरकारी पेन्शनचे महिन्याला मिळतात 600 आणि हिशेब मागायला मात्र सगळे हजर: पंचायतीचा सचिव, मुलगा, शेजारीण, आणि आता तू.

या 600मध्ये केंद्राचे 300 आहेत, 2012पासून तेवढेच. बाकीचे मध्य प्रदेश सरकार घालतं. मनरेगाची आपल्याकडची 2025-26ची मजुरी दिवसाला 261 होती, म्हणजे पेन्शन पुरत्या अडीच दिवसांच्या मजुरीएवढीही नाही. लाडली बहना या बायकांसाठीच्या राज्याच्या योजनेचे 2023 साली महिन्याला 1000 होते, त्याचे 1250 झाले, मग 1500. पण वयाची 60 वर्षं पूर्ण झाली की त्या यादीतून नाव निघतं. गुडघे बोलायला लागतात, निंदणी-कापणीला कुणी बोलवत नाही, नेमक्या त्या वयात बाई 1500वरून 600वर येते. हा हिशेब कुणी बसवला ते देव जाणे. तुझ्या अहवालात एक गोष्ट ठळक लिहायची असेल तर ही लिही.

एवढ्याशा पैशाने होतं काय, तर बरंच होतं. रेशनचा गहू फुकट मिळतो, पण दळायला चक्कीवाल्याला रोख द्यावी लागते. डाळ, तेल, मीठ-मिरची विकतच. ब्लडप्रेशरची गोळी सरकारी दवाखान्यात असते तेव्हा असते, नसते तेव्हा बाहेरून. आणि हातात काहीच नसताना या प्रत्येक गोष्टीसाठी सुनेच्या तोंडाकडे बघायचं. सून वाईट असते असं नाही, तिचीही ओढाताण असते. पण रोज मागावं लागणं माणसाला पोखरतं. पेन्शनची तारीख गावात सगळ्यांना ठाऊक असते, किराणेवालाही ती धरूनच चालतो. ज्या म्हातारीला तो उभं करत नव्हता तिचं वहीत खातं उघडतो.

आमच्या शाखेत एक डोकरी यायची. कॅशिअरकडून सगळ्या शंभराच्याच नोटा मागून घ्यायची आणि काउंटरवरच त्यांतली एक वेगळी काढून लुगड्याच्या पदराला निराळी गाठ मारायची. कॅशिअरने एकदा चेष्टेत विचारलं तर म्हणाली, राखीला मुलगी येते, तिच्या ओढणीचे आहेत, सुनेपुढे तिला रिकाम्या हाताने धाडायला नको. आता ही गाठ तुझ्या कुठल्या रकान्यात जाणार? 'इतर'?

पैसे दिले की लोक दारूत उडवतात, ही शंका तुला ऑफिसात कुणी ना कुणी बोलून दाखवेलच. तेव्हा सांग की याची परीक्षा आपल्या इंदूरच्या आसपासच झाली आहे. 2011-12मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येकाला बिनशर्त रोख रक्कम दिली. मोठ्या माणसाला आधी महिन्याला 200, मग 300. मुलांना त्याच्या निम्मे. ज्या बारा गावांना काही दिलं नाही त्यांच्याशी तुलना केली. लोकांचं खाणंपिणं सुधारलं, दारू काही वाढली नाही.

पण या पैशाला पाय फार. त्यातली खरी गोम बँकवाल्याला कळते ती सांगतो. आधारवरून येणारी रक्कम, ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं त्या खात्यात जाते. मुलगा कुठल्याशा कामासाठी आईचं दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडतो, आधार जोडतो, विसरतो. पेन्शन तिकडे जमा होत राहते आणि म्हातारी जुनं पासबुक घेऊन कियोस्कवर, म्हणजे गावातल्या बँकेच्या छोट्या केंद्रावर, खेपा घालते. तिला वाटतं सरकारने बंद केली. तेव्हा 'पेन्शन थांबली' असं कुणी म्हणालं की आधी आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघायला लाव, मग समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीत, नाव, जन्मसाल आणि ई-केवायसी. समग्रच्या कागदावर जिवंत बाई मृत दाखवलेलीही सापडते, दचकू नकोस.

दुसरं म्हणजे अंगठा. जन्मभर शेण-माती, राख-भांडी केलेल्या हातांवर रेषा उरत नाहीत. मशीन नाही म्हणतं, कियोस्कवाला 'कल आना' म्हणतो. बोट ओल्या फडक्याने पुसून, दुसरं बोट ठेवून बघायला सांग; अगदीच नाही जमलं तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने घेता येतात. पैसे निघाले की छापील पावती मागायला शिकव. कमिशन त्याला बँक देते, तरी म्हातारीच्या हातावर ठेवताना वीस-तीस रुपये कापणारे असतात.

आणि पासबुक कुणाकडे आहे ते बघ. दोन मुलगे असले की ज्याच्या घरी पासबुक त्याच्या घरी म्हातारी, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर निराळं पत्र होईल. म्हणून मुलासमोर, सुनेसमोर काही विचारू नकोस. दुपारी भांडी झाल्यावर ओट्यावर एकटी सापडते तेव्हा बस. 'कशावर खर्च केले' ऐवजी विचार, मागे गोळ्या संपल्या तेव्हा पैसे कुणाकडे मागितले? मुलीकडे जायचं झालं तर बसच्या भाड्याचं कुणाला सांगावं लागतं? पेन्शन उशिरा येते तेव्हा आधी काय बंद होतं? या तिसऱ्या प्रश्नावर थोडी थांब. बायका लगेच बोलत नाहीत.

प्रश्नावली पुन्हा लिहून काढ आणि शनिवारी घेऊन ये, मी घरीच आहे. सकाळी आलीस तर पोहे होतील. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका