कंपनीत फ्लूची लस: कोणाला, कधी आणि कशासाठी

तुम्ही विचारलंय की नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत तुमची 70 जणांची कंपनी आहे, मागच्या पावसाळ्यात अर्धा विभाग तापाने घरी बसला, म्हणून मालक यंदा सगळ्यांना फ्लूची लस द्यायचं म्हणताहेत. याने सुट्ट्या कमी होतील का, आणि सक्ती करावी का?

मी नर्स आहे. बुटीबोरीकडच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात अकरा वर्षं होते आणि त्यातली सहा वर्षं तिथलं फ्लूच्या लशीचं शिबिर मीच सांभाळलं. लस जरूर द्या. पण सुट्ट्या वाचवायच्या म्हणून देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी हजेरीचा तक्ता बघून मालक ती बंद करतील.

कारण असं, की निरोगी प्रौढांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2018 साली जो आढावा काढला, त्यात लस न घेतलेल्यांपैकी 2.3 टक्क्यांना फ्लू झाला आणि घेतलेल्यांपैकी 0.9 टक्क्यांना. म्हणजे साधारण 71 निरोगी माणसांना टोचल्यावर एकाचा फ्लू टळतो. तुमच्या सगळ्या कंपनीत मिळून एक माणूस. कामाचे बुडालेले दिवस तर जवळजवळ तेवढेच राहिले. शिवाय आपल्याकडे ऑगस्टमध्ये अर्धा विभाग आजारी पडतो तेव्हा त्यात डेंग्यू असतो, चिकनगुनिया असतो, साधी सर्दी असते. यातल्या कशावरच ही लस चालत नाही. हे आधीच सांगून टाका, म्हणजे "लस घेऊनही ताप आला" असं म्हणत कोणी तुमच्याकडे येणार नाही.

मग द्यायची कशासाठी? तुमच्या त्या 70 जणांत मधुमेहाचे, दम्याचे, हृदयाचे, किडनीचे रुग्ण असतीलच. एखादी गरोदर बाई असेल. त्यांच्यासाठी फ्लू म्हणजे चार दिवसांची रजा नसते, न्यूमोनिया होऊन माणूस व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. 2015 च्या सुरुवातीला स्वाइन फ्लूने नागपुरात काय केलं ते आठवा. तो विषाणू कुठे गेलेला नाही. 2009 चा तोच एच1एन1 आता हंगामी फ्लूचाच एक भाग झालाय आणि दरवर्षीच्या लशीत असतो.

आमच्याकडे पहिल्या वर्षी यादी ऑफिसातून आली. त्यात फक्त कायम कामगार आणि स्टाफ होता. ठेकेदाराची माणसं, कँटीन, गार्ड, लोडिंगवाले, कोणीच नाही. मीही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच ऑगस्टमध्ये कँटीनमधला एक स्वयंपाकी, पन्नाशीचा, शुगर असलेला, अंगात ताप घेऊन चार दिवस पोळ्या लाटत होता. मी घरी जा म्हटलं तर म्हणाला, "सिस्टर, खाडा पडला त पैसे कोन देईन?" पाचव्या दिवशी त्याला धाप लागली. तपासणीत एच1एन1 निघाला, नऊ दिवस ऑक्सिजनवर होता. वाचला. लस दिली असती तर हे नक्की टळलं असतं असं मी म्हणणार नाही, कारण लशीतले आणि बाहेर पसरलेले विषाणू नीट जुळलेल्या वर्षीही ही लस 40 ते 60 टक्केच काम करते. पण त्या यादीत पहिलं नाव त्याचं असायला हवं होतं. आणि फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्यांना देत असतो. त्या कँटीनमध्ये सगळा कारखाना जेवत होता.

म्हणून मालकांशी बोलताना दोन गोष्टी सोबतच मागा. यादीत ठेकेदारी माणसं, आणि तापाच्या दिवसांचा पगार. जो आजारी असून खाड्याच्या भीतीने कामावर येतो, त्याच्यापुढे तुमच्या शिबिराचा फारसा उपयोग नाही. 21,000 पर्यंत पगार असलेल्यांची ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असेल तर त्यांना आजारपणात 70 टक्के वेतन मिळू शकतं, पण कित्येकांना हे माहीतच नसतं, किंवा ठेकेदाराने नोंदणीच केलेली नसते. ते तपासा.

पैसे कमी पडले तर? बाजारात एका डोसला दीड ते अडीच हजार पडतात, म्हणजे सगळ्यांचा खर्च लाख ते पावणेदोन लाखाच्या घरात. एवढं जमत नसेल तर अधिकाऱ्यांपासून सुरुवात करू नका. आधी जोखमीचे, मग कँटीन आणि गार्ड. मात्र "शुगर असलेल्यांनी पुढे या" असं नोटीस बोर्डावर लावू नका. सुपरवायझरसमोर कोणी सांगत नाही, आणि तिसऱ्या महिन्यातली मुलगी तर नाहीच सांगत. एका बंद खोलीत नर्स किंवा डॉक्टर बसवा, माहिती त्यांच्याकडेच राहू द्या, एचआरच्या फाइलमध्ये नको.

आता वेळ. काही ठिकाणी हिवाळ्याआधी ऑक्टोबरमध्ये देतात, ते बघून आपण तसं करू नये. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर, आणि छोटी जानेवारीनंतर. लस घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून मे, फार तर जूनचा पहिला आठवडा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. मे महिन्यात तुम्हाला दक्षिण गोलार्धाचा नवा माल हवा. खोक्यावर तसं छापलेलं असतं. मागच्या हिवाळ्याचा उरलेला माल एक्स्पायरी जवळ आल्यावर स्वस्तात देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा.

पण मे म्हणजे नागपूरचा मे. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी आणि बाहेर 45. आम्ही सकाळी साडेसहाला, रात्रपाळी सुटते आणि पहिली पाळी चढते त्या वेळी सुरू करायचो आणि दहाच्या आत आटोपायचो. डबा उघडला की थर्मामीटर मी स्वतः बघायचे. एकदा पुरवठादाराच्या पोराने फ्रीजरमधून काढलेले दगडासारखे आइसपॅक थेट कुप्यांना टेकवून आणले. लोकांना गरम होण्याची भीती असते, पण ही लस गोठली तरी वाया जाते. मी सगळा डबा परत पाठवला. ऑफिसमधले चिडले, दोन दिवस उशीर झाला, तरी मी पुन्हा तेच करीन.

शिबिरात डॉक्टर आणि ॲड्रेनालिन (जोराची ॲलर्जी उठली तर टोचायचं औषध) हवंच. टोचल्यावर अर्धा तास पंख्याखाली बसवा. उपाशीपोटी रात्रपाळी करून आलेली माणसं सुई बघूनच चक्कर येऊन पडतात, त्यांना आधी चहा-पोहे द्या. वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकायच्या नाहीत. लसीकरण शिबिरालाही 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत, तेव्हा ते कोण उचलणार हे आधी लिहून घ्या.

सक्ती मुळीच करू नका. सक्तीची अफवा उठली की कामगार त्या दिवशी सुट्टीच टाकतात. त्याऐवजी विचारतील त्याला खरं सांगा. "मी त धडधाकट आहो, मले काहून?" म्हणणाऱ्याला घरी म्हातारी आई आहे का ते विचारा. "सुईनंच ताप येते" म्हणणाऱ्याला सांगा की यात मेलेला विषाणू असतो, त्याने फ्लू होत नाही, पण हात दुखेल आणि एखाद-दोन दिवस कणकण वाटू शकते. आमच्याकडे एक माळकरी काका होते, त्यांनी विचारलं, "यात अंडं असते का जी?" असतं. बहुतेक फ्लूच्या लशी कोंबडीच्या अंड्यात वाढवूनच करतात. मी तसं सांगितलं, त्यांनी नकार दिला, आणि मी रजिस्टरमध्ये नकार लिहून त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच लाइनवरचे चौघे आले. म्हणाले, सिस्टर खोटं नाही सांगत.

लस दरवर्षी घ्यावी लागते, हे मालकांना पहिल्याच बैठकीत सांगा आणि पुढच्या वर्षीचे पैसे आत्ताच बाजूला ठेवायला लावा. आणि कोणी गरोदर बाई किंवा शुगरवाला लस घेऊनही तापाने फणफणला, तर "दोन दिवस बघू" न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त चालतं.